बसून राहायचं होतं त्या दिवशी

कंडक्टरबाईंना बसायची सवयच नव्हती. सगळी नोकरी बसमध्ये उभ्यानं झालेली. घरी आल्या तरी चहा ओट्याला टेकून उभ्या-उभ्याच प्यायच्या. नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर, म्हणजे जन्मभर बसून काम केलेला माणूस. तो म्हणायचा, "आपल्या दोघांत मिळून एकच खुर्ची आली, आणि ती मी बळकावली."

अशा बाई विद्यापीठाच्या अधिसभेवर निवडून आल्या, पदवीधरांच्या मतांवर. विद्यापीठाचा कारभार जिथे ठरतो ती ही सभा. वकील, डॉक्टर, प्राचार्य असली मंडळी, आणि त्यात ह्या. हसू नका. संध्याकाळच्या वर्गांना जाणारे-येणारे सगळे त्यांच्याच बसमधून जायचे, आणि बाई स्वतः चाळिशी ओलांडल्यावर त्याच वर्गांतून इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या. मतांना ओळख लागते, ती त्यांच्याइतकी कुणाची असणार?

त्यांच्या शिक्षणाच्या काळात स्वयंपाकघर नवऱ्यानं सांभाळलं. सकाळची पाळी मागून घेतली, संध्याकाळी भाज्या चिरल्या, मुलींचे अभ्यास घेतले, कधी तोंड वाकडं केलं नाही. ठरलं होतं ते एवढंच, की आधी तिचं होऊ दे, मग मुलींची कॉलेजं, मग त्याची पाळी. त्याला भूगोल शिकायचा होता. "आयुष्यभर एकाच रस्त्यावर गाडी चालवली," तो म्हणायचा, "बाकीचं जग कुठल्या बाजूला आहे ते तरी कळू दे." यंदा धाकटी कॉलेजातून बाहेर पडली आणि ह्यानं जगाचा नकाशा आणून फ्रिजशेजारच्या भिंतीवर लावला.

नेमका त्याच वर्षी अधिसभेपुढे प्रस्ताव आला की संध्याकाळचे वर्ग बंद करावेत.

सभेच्या आदल्या दिवशी बाईंनी नवऱ्याला मतदान कसं होतं ते सांगितलं. अधिसभेची रीत अशी, की प्रस्ताव ज्यांना मान्य त्यांनी उभं राहायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं.

"म्हणजे मला नुसतं बसायचंय," बाई म्हणाल्या.

"तेच तुला जमायचं नाही," नवरा म्हणाला. मग नकाशाकडे न बघता, हळूच, "नाही झालं तर नाही झालं गं. मनाला लावून घेऊ नकोस." त्याच्या त्या न बघण्यानंच बाईंचा जीव कळवळला.

सभेत प्रस्ताव मांडणारे प्राचार्य छान बोलले. माणूस वाईट नव्हता तो. दिवसाच्या वर्गांना खोल्या अपुऱ्या पडतात, शिक्षक दमतात, आणि संध्याकाळी शिकून असं किती जणांना नवी नोकरी लागते? बाईंनाही बोलायचं होतं, पण हात वर करू की नको करू म्हणेपर्यंत चर्चा संपलीसुद्धा. भरल्या बसमध्ये गर्दीला पुढे सरकवणारा आवाज तिथे कामालाच आला नाही. कुलगुरू म्हणाले, "प्रस्तावाच्या बाजूनं असतील त्यांनी उभं राहावं." बाईंनी खुर्चीचे हात गच्च धरले.

आणि दार उघडलं. इतिहासाचे म्हातारे सर काठी टेकत आत आले. तेही सभेचे मानद सदस्य, पण बस चुकल्यामुळे उशीर झालेला. बाई ताडकन उभ्या राहिल्या. करणार काय? सर वर्गात आले की उठायचं, हे अंगात मुरलेलं. मोजणाऱ्या कारकुनानं त्यांनाही मोजलं. मागचे वकीलसाहेब उभे, बँकेतले मॅनेजर उभे, कोपऱ्यातल्या डॉक्टरीणबाई उभ्या. सगळे सरांच्याच हाताखाली शिकलेले. कुलगुरूंनी मान डोलावली. "स्पष्ट बहुमत दिसतंय."

आपण काय करून ठेवलं हे बाईंच्या ध्यानात आलं. तेवढ्यात सर जुन्या सवयीनं म्हणाले, "बसा, बसा." आणि अख्खं सभागृह खाली बसलं. प्रस्ताव मांडणारे प्राचार्यसुद्धा बसले. सर सोडले तर उभं म्हणून कुणी उरलंच नाही.

हशा ओसरला तशा बाई एकट्या पुन्हा उठल्या. "साहेब, मी मत द्यायला नव्हते उठले. सरांसाठी उठले."

कुलगुरूंनी चष्मा काढला. "आणखी कोण कोण सरांसाठी?" बरेच हात वर गेले. मत पुन्हा घ्यायचं ठरलं, आणि त्याआधी बाईंना काही बोलायचं असेल तर बोलू द्या, असं कुलगुरूच म्हणाले.

"प्राचार्यसाहेब विचारतात, नोकरी किती जणांना लागली," बाई म्हणाल्या. "मला नाही लागली. होते तीच कंडक्टर आहे. पण माझ्या रस्त्यावर एक जुनी दगडी कमान आहे. आधी तो माझ्यासाठी नुसता एक थांबा होता. आता ती कुणी बांधली, कोण पाडायला निघालं, कुणी आडवं पडून वाचवली, सगळं मला ठाऊक आहे. रोज तिथून जाताना मला फार बरं वाटतं. मी शिकावं म्हणून माझ्या नवऱ्यानं गाडी चालवून आल्यावर भाज्या चिरल्या. आता त्याची पाळी आहे. ती तेवढी काढून घेऊ नका." एवढं बोलून त्या बसल्या आणि रुमाल शोधू लागल्या.

दुसऱ्या वेळी मोजकेच उठले. प्रस्ताव पडला. बाहेर पडताना प्राचार्य जवळ आले. "बाई, खोल्यांचं काय करू ते आता तुम्हीच सांगा."

"होईल हो," बाई म्हणाल्या, "जरा सरकून घेऊ."

नवं सत्र सुरू झालं. पहिल्या संध्याकाळी बाईंनी भाजी करपवली, उगाच दहादा खिडकीत जाऊन आल्या. नवरा आला, चपला काढल्या, आणि बसायचं सोडून ओट्याशी येऊन उभा राहिला.

"कसं झालं?"

"हजेरी घेतली गं मॅडमनी. आपल्या धाकटीच्या वयाच्या आहेत. माझं नाव पुकारलं आणि हजर म्हणायला तोंडच उघडेना."

"अगबाई. मग गैरहजेरी लागली तुमची?"

"नाही," तो म्हणाला. "उभा राहिलो. कळलं त्यांना."