लढाईच्या महिन्यात जहाज कुठे होतं

संशय घेणं माझ्या अंगातच आहे. भाजीवाला गोड बोलला की मी आधी त्याच्या काट्याकडे बघते. शहापुरात सासरचे मला हवालदारीण म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

पण सगळ्यात जुना संशय बाबांवरचा. सिद्धगडाच्या पायथ्याशी माझ्या माहेरची भातशेती. दरवर्षी झोडणी उरकली की बाबा नव्या भाताचं एक पोतं एसटीत घालून धसईजवळच्या एका बाईकडे नेतात. विधवा, एकटी राहणारी. "जहाजावरच्या जोडीदाराची बायको हाय. तो लढाईत गेला," एवढंच सांगतात. तरुणपणी बाबा खलाशी होते, नौदलाला रसद पोचवणाऱ्या मालवाहू जहाजावर. लढाई एकाहत्तरची.

आई यावर कधी बोलत नाही. मी फार छेडलं की म्हणते, "झाकली मूठ ऱ्हाऊ दे गो." म्हणजे मुठीत काहीतरी होतंच! बाबांचं तिकडे दुसरं घर असेल तर आईची जन्मभर फसवणूक झाली होती, आणि ते मी खपवून घेणार नव्हते.

यंदा नवऱ्याने मोबाइलवर त्या जहाजाचा इतिहास शोधून दिला. कधी बांधलं, कुठे धान्य नेलं, कुठे दारूगोळा उतरवला, कधी भंगारात काढलं, सगळं महिनेवार. लढाईच्या महिन्यासमोर एकच ओळ होती: बॉयलरच्या दुरुस्तीसाठी गोदीत. मी तीनदा वाचली. जहाज समुद्रावर गेलंच नव्हतं, मग जोडीदार कुठल्या लढाईत गेला? इथेच पाणी मुरतंय, म्हटलं. कागद छापून घेतला, पर्समध्ये घातला आणि कोणाला न सांगता धसईची गाडी पकडली.

बाई बाबांच्याच वयाच्या. वाल सोलत बसल्या होत्या. मी कोणाची मुलगी ते सांगितलं तशा हसल्या आणि चहा टाकला. घरात बाबांची एखादी खूण दिसते का, म्हणून माझे डोळे खुंट्यांवरून फिरत होते. काही दिसलं नाही. शेवटी मी कागद काढला आणि जहाज गोदीत होतं हे वाचून दाखवलं.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "गोदीतच गेला तो. जहाजाच्या कोठारात उतरताना शिडीवरून पडला. जहाजावरून पत्र आलतं तवा."

"मग ते लढाईत गेले असं बाबा का सांगतात?"

त्यांनी वालाचं सूप बाजूला सरकवलं. "तुझा बाबा आन् माझा मालक, दोघं आपल्याच भागातले. एका साली हा झोडणीला घरी यायचा, दुसऱ्या साली तो. मागं ऱ्हायलेला दोघांची ड्युटी करायचा. त्या साली घरी जायची बारी माझ्या मालकाची होती. तुझ्या बाबाचं भात खळ्यावर भिजत होतं, म्हणून त्यानं ती बारी मागून घेतली. मला मालकानंच लिवलं होतं तसं. मंग तुझ्या बाबाची ड्युटी करतानाच तो पडला. तुझ्या बाबाला वाटतं, मला बारी बदलल्याचं कायबी ठाव नाय."

मला माझीच लाज वाटली. बाबांना सांगून टाकते, म्हटलं, त्यांचं ओझं तरी उतरेल.

"नको गो बाय. मला ठाव हाय हे कळलं तर लाजंनं यायचा बंद होईल. भात काय, रेशनवर बी मिळतं. पण माझ्या मालकाला बघितलेलं आता दुसरं कोण जितं हाय?"

तिन्हीसांजेला मी माहेरी पोचले. बाबा ओट्यावर होते. कुठून आलीस, विचारलं. धसईच्या बाजारातून, मी म्हटलं. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"काय बोलली ती?"

"काही नाही," मी म्हटलं. "यंदा कधी येताय, ते विचारत होत्या."