संदर्भसूचीत दगडीबाई

एम.ए.ला आमच्या वर्गात संदर्भसूची म्हणजे प्रकल्पाला शेवटी जोडायची शेपटी, असा समज होता. पुस्तक उघडलं नसलं तरी नाव टाकायचं. जितकी लांब शेपटी तितका मोठा विद्वान. याला अपवाद एकटी हेमलता पावरा.

हेमलता शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. बोलायची कमी. पण एखादी गोष्ट पटली नाही की अगदी नम्रपणे, मान खाली घालून, जागची हलायची नाही. तिचा प्रकल्प रानभाज्यांवर होता. सबंध पावसाळा ती शेजारच्या दगडीबाईमागे डोंगर चढत होती आणि पाड्यावरच्या बाकीच्यांनाही विचारत होती.

मार्गदर्शक बोरसे सरांनी कच्ची प्रत तपासली आणि सूचीतली पाड्यावरची सगळी नावं लाल पेनाने उडवली.

“एपीए पद्धतीत मुलाखत सूचीत येत नाही. मजकुरात कंसात ‘वैयक्तिक संवाद’ लिही, झालं.”

“सर, ज्या पुस्तकाचं मी एक पान वाचलं ते सूचीत, आणि दगडीबाई कंसात?”

“नियम आहे, बाई.”

“पण विभागाच्या सूचनांत तर लिहिलंय, कोणतीही मान्य पद्धत चालेल, फक्त शेवटपर्यंत तीच हवी. एमएलए पद्धतीत मुलाखत देणाऱ्याचं नाव सूचीत येतं.”

सरांनी चष्मा काढला. विभागाच्या सूचना कोणी वाचतं, हेच त्यांना नवीन होतं.

“परवा जमा करायचंय. एक जरी नोंद जुन्या पद्धतीची सापडली, तर नावं उडवूनच घेईन.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “बठ्ठं, सगळंच बदलशी? येडी शे का तू?”

“तू चहा सांग,” ती म्हणाली आणि कामाला लागली.

लेखकाच्या नावानंतरचं साल उचलून नोंदीच्या शेवटी न्यायचं, मजकुरातल्या कंसात सालाऐवजी पान घालायचं. त्यासाठी प्रत्येक पुस्तक पुन्हा उघडावं लागलं. आमच्यापैकी कोणाला हे करावं लागलं असतं, तर निम्म्या पुस्तकांचा पत्ताच लागला नसता! तिला एकही शोधावं लागलं नाही.

शेवटची सूची मननने त्याच्या लॅपटॉपवर नीट लावून दिली. मनन जैन आमच्याच वर्गातला, बाजारातल्या जवरीलाल शेठजींचा मुलगा; दुकानात वाढलेला. बिलावर तोच माल खाली आला की नावाऐवजी रेघ ओढायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यात एमएलएमध्येही एकाच लेखकाची दुसरी नोंद आली की नावाच्या जागी रेघ देतात, एवढं त्याने कुठेतरी वाचलेलं.

छापील पान पाहून हेमलता म्हणाली, “मनन, दगडीबाई कुठेय?”

“ही काय, पहिली रेघ.”

“रेघ?”

“अगं, सगळे पावराच तर आहेत!”

“तुमच्या बाजारात सगळे जैन आहेत. मग दुकान एकट्याचंच का रे?”

मनन कानापर्यंत लाल झाला. मग त्यानेच एकेक रेघ पुसून नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि पाडा अशा नोंदी पुन्हा टाइप केल्या.

बोरसे सरांनी चूक शोधायला पेन उघडून ठेवलं होतं. शेवटच्या पानापर्यंत ते तसंच राहिलं.

“सूची वाचतोय की गाव फिरतोय तेच कळेना,” ते म्हणाले आणि त्याच पेनाने सही केली. मला त्या दिवशी तिचा मनापासून हेवा वाटला.

बांधलेली प्रत घेऊन ती पाड्यावर गेली, तेव्हा मनन आणि मीही सोबत होतो. दगडीबाईला वाचता येत नाही. हेमलताने तिला सूची वाचून दाखवली: पावरा जामसिंग, मग पावरा दगडीबाई. जामसिंग म्हणजे हेमलताचे वडील. ते मिशीत हसले.

दगडीबाई पावरी बोलीत काहीतरी जोरात बोलली. हेमलताने मराठीत सांगितलं, “म्हणते, जामसिंगचं नाव माझ्या आधी कसं? त्याला भाजी आणि गवत यांतला फरक मी शिकवला.”

“मग सांग ना, अक्षरांच्या क्रमाने लावतात,” मी म्हटलं.

तिने सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि हातानेच उडवून लावलं.

“काय म्हणाली?”

“म्हणते, असला क्रम नको. दुसरी पद्धत बघ.”