कनिष्ठेच्या पोटातले गहू

शैलासाठी मुगाचं कढण गाळून मी डब्यात भरत होते, तेव्हा दिनकरभावजींचा फोन आला. “वहिनी, डबा नका आणू,” एवढंच ते म्हणाले. मग बराच वेळ फोनमधून नुसते दवाखान्याचे आवाज येत राहिले... स्ट्रेचरची चाकं, लिफ्टसाठी कुणाची तरी हाक. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं, बाहेरून पुसून घेतलं आणि नेहमीच्या पिशवीत उभा ठेवला. दवाखान्यात जाऊन आलो, घर माणसांनी भरलं, रिकामं झालं, तरी तो डबा ओट्यावर तसाच होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी न विचारता तो घासून टाकला. मला त्या व्यक्तीचा अजून राग येतो.

इरा आणि नील, तुमची शैलाआजी गेली त्याला आता काही आठवडे झाले. तुम्ही फोनवर विचारलंत, “तिला नक्की काय झालं होतं?” तुमच्या आईने “कॅन्सर” म्हणून विषय संपवला. तिचं चुकलं नाही. पण इरा, तू आता लहान नाहीस, आणि शैला नुसत्या एका शब्दात संपावी हे मला सहन होत नाही. म्हणून लिहिते. तुमची आई, माझी मृणाल, तुम्हाला वाचून दाखवेल, आणि तिलाही वाचावं लागेल.

शैला माझी सख्खी धाकटी बहीण आणि सख्खी जाऊसुद्धा. कुही गावच्या एका घरातल्या आम्ही दोघी नागपूरच्या एका घरातल्या दोघा भावांना दिल्या. मी आधी आले, ती काही वर्षांनी, धाकट्या दिनकरभावजींची बायको होऊन. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायला जायची, ती घर सांभाळायची. मनीषनगरला घर बांधलं तेव्हा खाली ती, वर मी. बाहेर मी पुस्तकी मराठी बोलायची, पण जिना उतरले की माहेरची भाषा तोंडात यायची. माझे डबे लेबल लावलेले, तिचे कुठल्याही डब्यात काहीही. चहापत्तीच्या डब्यात बडीशेप सापडली की मी बोलायची, आणि ती म्हणायची, “तुह्या घरात उंदीरबी रांगेत चालत असतीन वं ताई.”

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. तुम्ही फोटो पाहिले आहेत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणीच. मुखवटे पितळेचे, धडं पत्र्याची, आतून पोकळ. त्या धडांना आम्ही कोठ्या म्हणतो. मुखवटा बसवण्याआधी त्या कोठ्यांमध्ये धान्य ओततात. त्याला पोट भरणं म्हणतात. ज्येष्ठेचं पोट मी भरायची, कनिष्ठेचं शैला. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील, वर टांगलेला फुलोरा, आणि जेवायला सगळं गणगोत. हा स्वयंपाक सोवळ्यात होतो, म्हणजे न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, आणि पाळी आलेली बाई त्या चुलीच्या आसपास फिरकत नाही. पुरण शैलाच करायची. माझं पुरण एकतर सैल व्हायचं नाहीतर खाली लागायचं. तेव्हा तिच्या पाळीची तारीख महालक्ष्म्यांवर आली की ती पाळी पुढे ढकलण्याची गोळी घ्यायची. सीताबर्डीच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात ती मिळते, दुकानदार मान वर करून बघतसुद्धा नाही. गणपती आले की आमच्या ओळखीतल्या कितीतरी बायकांच्या पर्समध्ये ती असायची. हळदीकुंकवाच्या सामानासारखीच ती आणली जायची... त्यात हार्मोन असतं, हे कुणाच्या मनातही येत नसे.

मग तिची पाळी गेली. ज्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तसं पक्कं सांगितलं, त्या दिवशी तिने वर येऊन माझ्या पलंगावर अंग टाकलं आणि म्हणाली, “सुटली वं ताई. आता देवी आणि मी, मधात कोणी नाही.” पण सुटका एवढी सोपी नसते. अंगातून वाफा निघायच्या, बसल्या जागी गळ्यापासून कपाळापर्यंत लाल व्हायची, झोप उडाली, भावजींवर खेकसायची आणि मग रडायची. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेरची आग आणि आतली आग वेगळी ओळखू येत नाही, तरी ती कूलरसमोर बसून सांगायची, ही आतली आहे. डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. मी सोबत होते. त्यांनी नीट समजावलं होतं: शरीर जे हार्मोन बनवणं थांबवतं ते थोडं बाहेरून द्यायचं, गर्भाशय आहे म्हणून एकाच्या जोडीला दुसरं, स्तनांची तपासणी करत राहायची, उगाच वर्षानुवर्षं चालू ठेवायचं नाही. आणि पाळी गेल्यावर कधीही रक्त दिसलं, एक डाग का असेना, तर त्याच आठवड्यात यायचं. शैलाने मान हलवली. गोळ्यांनी ती पुन्हा माणसात आली. काही काळाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या हळूहळू बंदही केल्या. सगळं शिस्तीत झालं होतं. माझ्यासारख्या बाईला तर फारच समाधान वाटलं होतं.

त्यानंतर दोन-तीन भाद्रपद गेले असतील. त्या वर्षीच्या महालक्ष्म्या झाल्या, नेहमीसारखंच झकास पुरण झालं. पुढे दिवाळीत ती म्हणू लागली की दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं. फराळ केला, पण खाल्ला नाही. ब्लाउज उसवून घेतले. लग्नाला गेलो तर सारखी उठून बाथरूमला जायची. मी म्हटलं दाखवून ये, तर फॅमिली डॉक्टरांकडून आम्लपित्ताचं औषध घेऊन आली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी तिच्या पोटाकडे बघून थट्टा केली, या वयात पोट सुटतंच, वरून हार्मोनच्या गोळ्या खाल्लेल्या. तीसुद्धा हसली. घरी आल्यावर लुगड्याची गाठ सोडत म्हणाली, “ताई, हे सुटलेलं पोट नाही वं. हे ताणून राहिलं.” दुसऱ्याच दिवशी मी तिला सोनोग्राफीला नेलं. तपासणाऱ्या बाई आधी गप्पा मारत होत्या, मग त्यांनी स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली. पोटात पाणी होतं, अंडाशयाला गाठ होती, आणि ती गाठ एकटी नव्हती.

कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आम्हाला काकू म्हणायच्या. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, पाळी गेल्यानंतर कधी रक्तस्राव झाला होता का? नाही, मी लगेच म्हणाले. मला सगळं माहीत असायचं ना. शैला मांडीवरच्या रुमालाकडे बघत होती.

“गेलं होतं,” ती म्हणाली.

“कधी, काकू?”

“महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी.”

“मग कुणाला दाखवलं?”

“गोळी घेतली. पाळी लांबवायची. दोन दिवसांत थांबलं.”

 बाहेर बाकड्यावर बसलो तेव्हा मी विचारलं, काहून सांगितलं नाही मले? ती रागावली नाही. खालच्या आवाजात, जणू मी अगदीच पोरकट काही विचारलं होतं, म्हणाली, “पंगत सांगून झाली होती ताई. डाळ भिजवली होती. पुरण कोणं केलं असतं?” तिला वाटलं होतं, जुन्या हार्मोनच्या गोळ्यांचंच काहीतरी मागे राहिलं असेल. महालक्ष्म्या उठल्या, पुन्हा डाग दिसला नाही, म्हणून विषय मिटला.

नंतर मी डॉक्टरांना एकटीने भेटले. मला उत्तर हवं होतं, एक सरळ, खालून रेघ मारता येईल असं. हे त्या गोळ्यांमुळे झालं का? त्यांनी सांगितलं की पाळी जाताना हार्मोनचे उपचार घेणाऱ्या बायकांमध्ये हा कॅन्सर किंचित जास्त दिसतो, पण अगदी किंचित, आणि एका बाईच्या बाबतीत त्यावर बोट ठेवता येत नाही. लाखो बायका घेतात आणि त्यांना काही होत नाही. लांबवायच्या गोळीने गाठ आणली नाही. “पण काकू, रक्त थांबलं म्हणून तुम्ही थांबलात.” मग तेव्हाच आलो असतो तर ती वाचली असती का? त्यांनी पेन खाली ठेवून सांगितलं, हा आजार बहुतेक वेळा न बोलता पसरतो, कदाचित तेव्हाही पसरलेला असेल, सांगता येत नाही. सांगता येत नाही... त्या दिवसापासून मी या तीन शब्दांसोबत राहते आहे. नक्की वाचली असती म्हणाल्या असत्या तर मी छाती पिटून घेतली असती, नक्की नाही म्हणाल्या असत्या तर देवाला बोल लावून मोकळी झाले असते. यात माणसाला कुठेच जाता येत नाही.

ऑपरेशन झालं, गर्भाशय, अंडाशय सगळं काढलं, केमो झाली. केस गेले. आणि आतली आग परत आली, आधीपेक्षा जोरात. भर मे महिना, कूलर चालू, आणि ती टबात पाय बुडवून, टकलावर ओला पंचा टाकून बसायची. डॉक्टर म्हणाल्या, तिच्या गाठीचा प्रकार बघता थोडे दिवस कमी मात्रेत हार्मोन देता येईल, मी लक्ष ठेवीन. घरात सांगितलं तर दिनकरभावजी जेवत्या ताटावरून उठले. कधी आवाज न चढवणारा माणूस, म्हणाला की ते विष पुन्हा या घरात येणार नाही. मी खूप समजावलं. डॉक्टरांचं बोलणं मराठीत, इंग्रजीत, चित्र काढून सांगितलं. शेवटी शैलानेच माझा हात धरला. “राहू दे ताई. मी घेईन, अन् हे रोज मरतीन.” आणि तो उन्हाळा तिने तसाच काढला. जी गोळी कुणालाही न विचारता आणली तिची या घरात कधी भीती वाटली नाही, आणि जी डॉक्टर समोर बसून देत होत्या तिची मात्र वाटली.

मधे काही महिने चांगले गेले. भुवया परत आल्या तेव्हा तिने आरशात बघून मला खाली बोलावलं होतं. मग पाणी पुन्हा भरू लागलं. गेल्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना तिला उभं राहवत नव्हतं. खुर्चीत बसून तिने कनिष्ठेची कोठी दोन पायांमध्ये धरली आणि मूठ मूठ गहू आत सोडू लागली. मी म्हटलं, दे, मी ओतते. तिने ऐकलं नाही. “हिचं मले भरावं लागते,” ती म्हणाली, “माह्यं आपोआप भरते.” मी हसले नाही म्हणून तीच हसली. मग गव्हाची मूठ तशीच धरून म्हणाली, “सायलीले ती गोळी घेऊ देऊ नको ताई.” सायली तिची सून, पुण्याला असते. मी हो म्हटलं. मूठ सुटली, गहू पत्र्यावर खडखडत खाली गेले.

यापुढचं मी फार लिहिणार नाही. सुईने पोटातलं पाणी काढायचे, ती हलकी व्हायची, दोन दिवसांत पुन्हा जड. शेवटी कढणाचे चमचे उरले होते... आणि मग तेही नाही.

मृणाल, हे तुझ्यासाठी. शैलाच्या रक्ताच्या तपासणीत घराण्यातून चालत येणारा एक दोष निघाला होता. आमची आई कुहीला पोट फुगून गेली, तेव्हा सगळे जलोदर म्हणाले होते, आम्हीही तेच धरून चाललो. आता मी माझं रक्त दिलं आहे. उत्तर यायचं आहे. माझ्यात दोष निघाला तर तुला तपासून घ्यावं लागेल, आणि पुढे कधीतरी इराला. मी तुम्हाला देवाचं नाव घ्या असं सांगू शकत नाही, मला ते सध्या जमत नाही. एवढंच म्हणते, पोट ताणून राहिलं, दोन घासांत भरलं, नको तेव्हा रक्त दिसलं, तर घरात काय शिजतं आहे ते बघू नका. सगळं टाकून उठा.

सुतक फिटलं आहे, तेव्हा महालक्ष्म्या येणारच. मागच्या आठवड्यात सायलीचा फोन आला. पुरण तिने शैलाकडूनच शिकून घेतलं आहे. इकडचं तिकडचं बोलून ती चाचरत म्हणाली, “मोठ्या आई, माझी तारीख नेमकी तेव्हाच येते आहे. गोळी घेऊन ठेवू का?”

“नको,” मी म्हटलं. “तशीच ये.”

“आणि पुरण?”

“तूच करायचं.”

 मी फोन ठेवला. ‘तशीच ये’, केवढं लहान वाक्य होतं ते. म्हणायला क्षणसुद्धा लागला नाही.

काल माळ्यावरून कोठ्या उतरवून घेतल्या, पुसायला. ज्येष्ठेची रिकामी होती, दर वर्षी मी ती झटकून, कापडात बांधून ठेवते. कनिष्ठेची उचलली तर आत काहीतरी सरकलं. तळाचा पत्रा एका बाजूने वाकला आहे, त्या खोबणीत गेल्या वर्षीचे गहू अडकून राहिले होते. शैला कधी कुठली वस्तू नीट झटकून ठेवतच नसे. उलटी करून एक टिचकी मारली असती तर ते पडले असते. मी कोठी पुसली, बाहेरूनच, आणि तशीच सरळ उभी करून ठेवली.