गार फरशी

ऑफिसातून दमून इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या घरी आले, बूट काढले, तेवढ्यात लेकीने विचारलं, “मम्मा, वीकेंडला लिस्बनमध्ये काय काय बघू?” पायाखाली किचनची फरशी गार लागली आणि मला माझी आई आठवली.

लेक तेव्हा झालीही नव्हती. आई पुण्याहून आलेली, आणि दोन दिवसांत तिला अख्खं लिस्बन दाखवायचा मी चंग बांधला होता. किल्ला, ट्राम, पुन्हा चढ. एका जुन्या चर्चच्या दारात तिने सवयीने चपला काढल्या. “आई, इथे नाही काढत गं,” मी वैतागले. ती तशीच आत जाऊन बसली, सुजलेले पाय गार दगडावर टेकवून. “आत्ता कुठे लिस्बनला आल्यासारखं वाटतंय,” म्हणाली.

किल्ला मला आता आठवतही नाही.

“बूट काढून बसता येईल असं काहीतरी बघ,” मी लेकीला म्हटलं.