दोनशे चौदावी मुलगी

विलासिनीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. ओट्टप्पालमच्या बाजारात तारली घेताना ती एकेका माशाचा कल्ला उघडून बघायची, आणि विकणारी चिडली की म्हणायची, "तू खोटी नाहीस गं, मासा खोटा असेल." सगळ्यांत कमी विश्वास ज्योतिषांवर. बाविसाव्या वर्षी पत्रिकेतल्या मंगळाने तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. आणि नशीब तरी कसलं चेष्टेखोर! त्रेचाळिसाव्या वर्षी ती एका वधूवर केंद्रात पत्रिका जुळवणारा प्रोग्राम सांभाळत होती.

जुळवणीचे नियम केंद्राचे ज्योतिषी माधव पणिक्कर यांचे. म्हाताऱ्याचं मत दर आठवड्याला बदलायचं, म्हणून विलासिनीने ते नियम नुसत्या मजकुरासारखे लिहून ठेवले होते. पत्रिका समोर आली की प्रोग्राम त्या मजकुरातून तिथल्या तिथे नियमागणिक एक फंक्शन बनवायचा, म्हणजे गुण मोजणारा तात्पुरता गडी. त्याला नावगाव काही नसायचं.

स्थळ शोधणाऱ्या प्रत्येक मुलाकडे केंद्रातल्या सगळ्या मुलींच्या गुणांचा एक तक्ता जायचा. गेले काही महिने त्यातल्या बालवाडीत शिकवणाऱ्या सिंधूचं नाव आलं की प्रोग्राम बंद पडे. पुन्हा चालू केला की पुढच्या नावापासून सुरळीत. सिंधूची ओळ तेवढी कोरी. तिचे एकटीचे गुण मात्र बिनतक्रार निघत. ते विलासिनी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून द्यायची, तर लोकांना तीच चिठ्ठी खुपायची. "मागाहून घुसडलंय काहीतरी!" दोन स्थळं अशीच परत गेली.

तिसऱ्या स्थळाला मुलगी आवडली होती. पण मुलाच्या आईने, सुभद्राम्माने, फोनवरच सुनावलं, "जिच्या नावाला यंत्रसुद्धा अडतं, ती आमच्या उंबऱ्यात नको. शुक्रवारपर्यंत तक्त्यात ओळ भरून आली तर बघू."

गुरुवारी सकाळी सिंधू स्वतः आली. बालवाडीतली मुलं सोडून आली होती, हाताला खडू तसाच. "चेच्ची, तुम्ही मला ताईसारख्या, माझ्यात काय खोट आहे ते मलाच सांगून टाका ना. लोकांकडून ऐकायचा कंटाळा आला."

विलासिनीचं डोकं फिरलं. ती तडक पणिक्करांसमोर जाऊन उभी राहिली. "या पोरीवर डूख धरून कुठल्या नियमात मेख मारलीत, बोला!"

"मोळे, अगं पोरी, मी कशाला मारू?"

"तुम्हा ज्योतिषांची जात ओळखून आहे मी. मंगळ दाखवून पोरींच्या आयुष्याचं वाटोळं करणारी!"

 म्हातारा बिनदुधाच्या कट्टन चहाचा पेला अर्धाच ठेवून ओसरीवर जाऊन बसला.

तिने सगळे नियम दोनदा चाळले. मेख सोडा, साधं कुसळ सापडेना. प्रोग्रामचा शेवटचा निरोप बघितला, तर तिथे नुसतं 'निनावी फंक्शन, ओळ पहिली'. आता गचांडी धरायची तरी कुणाची?

संशय काही स्वस्थ बसू देईना. तिने यादी उलटी केली, शेवटच्या मुलीपासून चालवली. सिंधू मधेच कुठेतरी सुखरूप पार पडली आणि प्रोग्राम राजलक्ष्मीपाशी आडवा झाला. विलासिनीने बोट ठेवून नावं मोजली. दोनशे चौदा. सुलट यादीत सिंधू मोजली. तीही दोनशे चौदावी.

हात्तिच्या! पंगतीत प्रत्येकाला नवं केळीचं पान वाढलं आणि उष्टी पानं उचललीच नाहीत, तर बसायला जागा कुठून उरणार? प्रत्येक मुलीसाठी नवे निनावी गडी बनत होते आणि काम झालं तरी एकही जागा सोडत नव्हता. दोनशे चौदाव्या मुलीशी मेमरी भरायची. हे लिहिलं होतं कुणी? विलासिनीनेच.

तिने गडी एकदाच बनवून सगळ्यांना तेच वापरायला लावले. दोन ओळी इकडच्या तिकडे. तक्ता एका दमात निघाला. केरळच्या रीतीने सिंधूचे दहात आठ गुण. सुभद्राम्माला फोन करून तिने स्वच्छ सांगितलं, "मुलगी निर्दोष आहे. चूक माझी." मग ओसरीवर गेली आणि दोनशे चौदाव्या जागेचा घोळ सांगितला. "पणिक्कर, मला माफ करा. नाही नाही ते बोलले."

"बोललीस ते विसरेन मी," म्हातारा रस्त्याकडे बघत म्हणाला. "पण सिंधूच्या आधी त्या जागेवर कोण होतं?"

 एक नाव गळलं की खालची सगळी नावं वर सरकायची. विलासिनीने जुनी यादी काढली. गिरिजा. चार स्थळांनी नकार दिल्यावर विषूच्या सणाआधी तिने स्वतःच आपलं नाव काढून घेतलं होतं. आता लग्नच करायचं नाही म्हणते, असं कानावर आलं होतं.

फोन गिरिजानेच उचलला. विलासिनीने सगळं सांगितलं, काही न लपवता.

 गिरिजा म्हणाली, "आणि हे तरी खरं कशावरून?"



"जुनी आणि आताची, दोन्ही याद्या घेऊन येते," विलासिनी म्हणाली. "तूच बोट ठेवून मोज."