पुतळ्याखालची पाटी

बुडापेस्टच्या एका संग्रहालयात धुणं पिळणाऱ्या बाईचा ब्राँझचा पुतळा आहे. तिच्या मानेवर अंगठ्याचे ठसे दिसतात. ओल्या मातीत दाबलेला अंगठा ओतकामातही तसाच राहिलाय. पुतळा घडवणारी हंगेरियन बाई मागच्या शतकातली, कधीच गेली. अंगठा मात्र अजून दाबतोय.

खालची पाटी गाईडबाईंनी वाचून दाखवली. आधी नवऱ्याचं नाव, मग 'यांच्या पत्नी', मग हिचं. नवराही शिल्पकार होता म्हणे. पाच मिनिटं बाई त्याच्यावरच बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "त्याच्या हाताखाली शिकली, म्हणून एवढं जमलं."

माझं डोकंच फिरलं. "आणि त्याला कोणी शिकवलं?" मी विचारलं. बाई गोड हसल्या आणि पुढच्या दालनात गेल्या. असल्या गोड हसण्याची मला चीड येते. एखादीचा जन्माचा घाम त्यात पुसला जातो, आणि भांडायला समोर कुणी उरतही नाही.

मी पुन्हा त्या मानेकडे पाहिलं. आमच्या पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी आईच करायची. गिऱ्हाईक मूर्तीपुढे हात जोडून वडिलांना म्हणायचं, "काय डोळे काढलेत हो तुम्ही!" वडील नुसती मान डोलवायचे. आई आतून चहा आणायची.

कारखान्याच्या दारावर वडिलांच्या एकट्याच्या नावाची पाटी होती. ती मी रंगवली होती. अक्षरं सुबक आली म्हणून आईनेच माझं कौतुक केलं होतं.