मागच्या दिव्यावरचा हार

झेंडूचा वास आला की ह्यांची स्कूटर आठवते. दसऱ्याला पूजा करून मागे बांधलेला हार दिवाळी उलटली तरी सुकून दिव्यावर लोंबत होता. थंडी पडली होती, आणि हे पहाटेच लोणी काळभोरच्या कॉलेजात शिकवायला निघायचे. "अगं, धुक्यात मागच्याला दिवा दिसायला हवा, हाराचं दर्शन नको," म्हणत त्यांनी कात्री मागितली. "पूजेचा हार कापायचा नसतो, आपोआप पडू दे," मी ठणकावलं. त्याच सकाळी ट्रकनं मागून उडवलं, हे जागीच गेले. चौकीत ट्रकवाला रडत होता, "ताई, लाल दिवा दिसलाच नाही हो." रस्त्यावर हार मात्र आपोआप पडला होता. यंदाही सोसायटीत गाड्यांना हार बांधले. मी कात्री घेऊन जिन्यापर्यंत गेले आणि तशीच परत आले.